पेटीवाल्या चाचांना, महालक्ष्म्यांच्या घरून

चाचा, नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर फक्त व्हिडिओ बघता, असं तुमचा नातू म्हणाला. म्हणून त्यालाच बजावलंय, हे आजोबांना मोठ्यानं वाचून दाखव. महालक्ष्म्या बसतात अशा बाकीच्या घरांनाही उपयोग होईल, म्हणून चारचौघांतच लिहितेय.

यंदा भाद्रपदात माळ्यावरून सामान उतरवलं आणि घरात कुणाच्या तोंडून "अगं बाई" निघालं नाही. मुखवटे पितळी, त्यांना काय धाड भरलीये. पण साड्या, लोकरीचे गोंडे, मोरपिसं, लेकरांची झबली-टोपडी, सगळं ठेवलं तसं निघालं. गेल्या खेपेला कनिष्ठेच्या साडीत उंदरीनं बाळंतपण उरकलं होतं. सासूबाईंनी ती साडी बघितली आणि त्या दिवशी पुरणाच्या पातेल्याकडे त्या फिरकल्यासुद्धा नाहीत.

त्या रागातच मी परभणीच्या बाजारात तुमच्या दुकानाची पायरी चढले आणि हे सामान ठेवायला दिवाणाएवढी पत्र्याची पेटी मागितली. दुसऱ्या कुणी लगेच टेप काढून ॲडव्हान्स मागितला असता. तुम्ही हातोडा खाली ठेवून एवढंच म्हणालात, "बाई, भरने के बाद उठाएगा कौन? उठेगी नहीं तो धूप कैसे दिखाओगे?" माझी मोठी पेटी तिथल्या तिथं मोडीत निघाली. दोन लहान पेट्या घ्या म्हणालात, एका बाईला गच्चीवर नेता येतील एवढ्याच. तुमचे पैसे कमी झाले, माझी कटकट गेली.

पेट्या न्यायला आले तेव्हाचं तर मी सगळ्यांना करून दाखवते. तुम्ही कानावरची पेन्सिल काढली आणि झाकण लावून कडेकडेनं फिरवली. मागच्या बिजागरीपाशी ती जराशी आत गेली. पेन्सिल शिरते तिथून उंदराचं पिल्लू शिरतं, असं म्हणून तुम्ही ती कोर पुन्हा ठोकलीत, वर माझी मजुरी वाढवली नाहीत. नंतर मीही घरी पेन्सिल घेऊन फिरले. माळ्याच्या फळीमागे, वायर भिंतीतून येते तिथं, मोरीच्या पाइपाभोवती. बुजवायला तारेची जाळी आणि सिमेंट लागलं. नुसता बोळा कोंबला तर उंदीर तो कुरतडून पुन्हा हजर.

बरोबर नेलेली जुनी कोठी, म्हणजे जिच्यावर मुखवटा बसवतात ती, तुम्ही उलटी करून बुडावर थाप मारलीत, तेव्हा सांध्यातून गव्हाचे चार दाणे पडले आणि त्यामागून सोंडे चालत बाहेर आले. मला अगदी शहारा आला! आपल्याकडं कोठ्यांत धान्य भरतात, पुढ्यात गहू-तांदळाची रास असते, वर फुलोऱ्याच्या करंज्या टांगतात. म्हणजे मुंग्या, झुरळं, उंदीर यांना आपणच आवतण देतो, आणि देणारच, सण आहे. खाण्याचं सामान ज्याला लागलं ते कापडाच्या पेटीत जायचं नाही, हा तुमचा नियम मात्र आता आमच्या घरात कायदा झालाय. एका पेटीत कोठ्या आणि पाट, दुसरीत साड्या. रासेचं धान्य निवडून लगेच वापरायला काढतो. लाइटिंगच्या माळा वेगळ्या स्टीलच्या डब्यात. उंदराला वायरीचं प्लास्टिकही चालतं, म्हणून लावायच्या आधी पूर्ण माळ बोटांत धरून तपासते. तांबं उघडं दिसलं की ती माळ बाद.

मूळ नक्षत्रावर विसर्जन झालं की सगळं गुंडाळून माळ्यावर टाकायची आमच्याकडं घाई असायची. पण तेव्हा हवेत पावसाची ओल असते, आणि कसरीला, त्या चंदेरी किड्याला, ओल हवीच असते. वर निऱ्या ताठ राहाव्यात म्हणून सुती साड्यांना खळ केलेली, तीही ती आवडीनं खाते. आता खळ धुऊन टाकते आणि आश्विनात चांगलं ऊन पडेपर्यंत थांबते. पैठणी तेवढी सावलीत, वाऱ्यावर. पेटीत खाली वर्तमानपत्र घालू नका म्हणालात तेही पटलं, कागद हे कसरीचं जेवणच. त्याऐवजी जुनं धोतर अंथरलंय. पत्र्याला घाम येतो म्हणून पेट्या विटांवर, भिंतीपासून हातभर लांब.

डांबराच्या गोळ्यांवरून आपला वाद झाला होता, आठवतं? लेकरं गोळ्या समजून तोंडात घालतात, हे तुमचं म्हणणं मी मान्य केलं. शिवाय थर्माकोलची जुनी कमान त्या वाफेनं मऊ पडून खड्डे खड्डे झाली होती. राज्यात २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आली तरी ती आमच्याकडं पडूनच होती, तिचीही आता कटकट मिटली. हल्ली वेखंडाची पुरचुंडी ठेवते. वेखंडानं सगळं भागतं असं मी म्हणणार नाही. वास उडाला की ते संपलं, खरं काम उन्हाचं आणि झटकण्याचं.

एक गोष्ट मात्र माझी, तुमची नाही. मोरपिसं आणि लोकरीचे गोंडे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवते, मग पेटीत. कपड्यांत होणाऱ्या बारीक पतंगांच्या अळ्या पिसं आणि लोकर खातात, थंडीनं त्या मरतात. मटारच्या शेजारी मोरपिसं बघून सासूबाईंनी कपाळावर हात मारला, पण पिसं शाबूत आहेत.

गंगाखेडची माझी जाऊ दिवाळीआधी तुमच्याकडं येणार आहे. तिलाही मोठीच पेटी हवीय. तिला तोच प्रश्न विचारा. आणि कोर पुन्हा ठोकावी लागली तर तिच्याकडून मजुरी घ्या, माझीही त्यातच लावून घ्या.

तुमचे मनापासून आभार, चाचा.

तुमची,
दोन पेट्यांवाली ताई