पहिलाच टेक

शहापूर, बेळगाव

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तिकडे पुण्यात कॉलेजच्या गॅदरिंगमधून नाव काढून घेतेय, असं तू परवा फोनवर म्हणालीस. आवाज जाड, इंग्रजी बोलताना बेळगावचा हेल येतो, तालमीत मुली हसल्या. तेव्हा मी फार बोलले नाही, कारण तू गाणार ते 'ब्यूटिफुल' हे इंग्रजी गाणंच मला धड माहीत नव्हतं. मग तुझ्या मामेभावाला शेजारी बसवून एकेक ओळ समजून घेतली, ते कसं तयार झालं तेही त्याच्याकडून वाचून घेतलं. आता मला बोलायचंय, आणि फोनवर तू मध्येच तोडतेस, म्हणून पत्र.

'ब्यूटिफुल' गायलं क्रिस्टिना अ‍ॅगिलेरानं, पण लिहिलं लिंडा पेरीनं. ही पेरी आधी फोर नॉन ब्लॉन्ड्स नावाच्या बँडची गायिका होती, पुढे दुसऱ्यांसाठी गाणी लिहू लागली. हे गाणं मात्र तिला स्वतःजवळच ठेवायचं होतं. क्रिस्टिना तिच्या घरी आली, ओळख नवी, बोलणं जुळेना, म्हणून पेरीनं आपली गाणी वाजवून दाखवली. त्यातलं हेच क्रिस्टिनानं मागितलं. पेरी घुटमळली. इतकी देखणी, नावारूपाला आलेली मुलगी 'मी सुंदर आहे' म्हणणार, ते कुणाला खरं वाटणार? मलाही पहिल्यांदा ऐकताना हेच वाटलं होतं.

पण आवाज तपासण्यापुरतं गाऊन बघ म्हटलं, आणि क्रिस्टिना गायली. सोबत तिची एक मैत्रीण आली होती. गाणं सुरू व्हायच्या आधी त्या मैत्रिणीला क्रिस्टिना हळूच म्हणाली, माझ्याकडे बघू नकोस. ते वाक्य आजही रेकॉर्डच्या सुरुवातीला तसंच ऐकू येतं, तू हेडफोन लावून ऐक. पेरीला त्या क्षणी कळलं की ही मुलगीही आतून तितकीच धास्तावलेली आहे. क्रिस्टिनाला तो टेक, म्हणजे तेव्हा झालेलं ते रेकॉर्डिंग, पसंत नव्हता. नीट घासूनपुसून पुन्हा गायचं होतं तिला, आणि तिचा गळा असा तयार की तिला ते सहज जमलंही असतं. पेरी हटली नाही. जगानं ऐकलं ते बहुतांशी त्या पहिल्या कच्च्या टेकमधलंच गाणं.

सोनू, मी इतकी वर्षं गल्लीतल्या भजनी मंडळात पेटी धरते. गळ्यावर चढलेली तयारी आणि गळ्यातून आलेलं गाणं यात केवढा फरक असतो, तो मला डोळे मिटूनही कळतो. पेरीनं तो ओळखला, त्यावर अडून बसली, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आणि ती मुलगी तेव्हा कुठल्या काळातून जात होती बघ. वय 21. लहानपणी घरात मारहाण पाहिलेली, हे तिनं पुढे स्वतः सांगितलंय. 1999च्या पहिल्या अल्बमपासून कंपनीनं ठरवून दिलेलं गोड रूप मिरवून ती कंटाळली होती. 2002मध्ये 'स्ट्रिप्ड' अल्बमचं पहिलं गाणं आलं, तेव्हा तिच्या कपड्यांवरून, नाचावरून लोकांनी नको नको ते बोललं. त्याच्या मागोमाग, त्याच वर्षाअखेरीला, हे आलं. अमेरिकेत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, ब्रिटनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात पहिल्या. 2004मध्ये ग्रॅमीही मिळालं.

क्रमांकांचं मला तितकं नाही. व्हिडिओनं मात्र मला थांबवलं. जोनास ऑकरलुंड नावाच्या स्वीडिश दिग्दर्शकाचा आहे. हाडं दिसेपर्यंत वाळलेली एक मुलगी आरशात स्वतःला बघते. एक किरकोळ अंगाचा मुलगा वजनं उचलत बसलाय. एका मुलीला बाकीच्या मुली मारतात. एक जण मासिकातली गोऱ्या-सडपातळ बायकांची पानं फाडून आगीत टाकते. दोन पुरुष चारचौघांत एकमेकांचं चुंबन घेतात, एक जण आरशासमोर बाईचा वेश चढवतो. 2002 साली हे टीव्हीवर दाखवणं सोपं नव्हतं. समलिंगी लोकांसाठी काम करणाऱ्या ग्लॅड या अमेरिकी संस्थेनं त्याबद्दल तिचा गौरव केला. ज्यांना घरात, शाळेत, रस्त्यावर कुणी नीट नावानं हाक मारत नव्हतं, त्यांनी हे गाणं आपलं मानलं. पेरीला ज्याची भीती होती तो प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. 2022मध्ये अल्बमला 20 वर्षं झाली तेव्हा या गाण्यावर नवा व्हिडिओ निघाला, त्यात मोबाइलपायी स्वतःच्या चेहऱ्याला, अंगाला नावं ठेवू लागलेली मुलं आहेत. तो मी दोनदा नाही बघू शकले.

आणखी एक तू कदाचित ऐकताना धरलं नसशील. धृपदात ती आधी 'मी' म्हणते, मग 'तू', आणि शेवटी 'आपण'. तू तालमीत पहिल्या 'मी'वरच अडलीस. ते कडवं ओलांडून पुढे जा की गं.

आता जाड आवाजाचं. धारवाड रेडिओवर हुबळीच्या गायिका गंगूबाई हनगल लागल्या की तुझे आजोबा हातातलं काम ठेवून ऐकायचे. गंगूबाईंच्या 1930च्या दशकातल्या जुन्या रेकॉर्डमध्ये आवाज बारीक, उंच आहे. पुढे घशाचं, टॉन्सिलचं ऑपरेशन झालं आणि तो इतका भरदार झाला की न बघता ऐकणाऱ्याला पुरुष गातोय असं वाटावं. बाईच्या गळ्याकडून लोक काय अपेक्षा करतात, हे त्यांना कळत नव्हतं का? कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकलेलं किराणा घराण्याचं गाणं त्या त्याच गळ्यानं गात राहिल्या, आणि 2002मध्ये पद्मविभूषण घेतलं. म्हणजे तुझं ते गाणं आलं त्याच वर्षी. आपल्यापासून हुबळी किती लांब?

हेलाचं म्हणशील तर, तू घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, कॉलेजात इंग्रजी बोलत वाढलीस. तीन भाषा ज्या तोंडात नांदतात, तिथे एकीची सावली दुसरीवर पडणारच. पुण्यातल्या मुलींना ते नवीन वाटलं, त्या हसल्या. मला राग आलाय त्यांचा, खोटं कशाला बोलू. पण उच्चार सुधारायचे तर शब्द कळावेत म्हणून सुधार, त्यांच्यासारखं वाटावं म्हणून नको.

कामाचं एक सांगते. मूळ रेकॉर्डच्या उंचीवर गायचा हट्ट सोड. तू पाठवलेल्या क्लिपमध्ये वरच्या जागी गळा आवळतेस, आणि त्या मुली हसल्या असतील तर तिथेच हसल्या असतील. घरी पेटीच्या पांढरी चार पट्टीत तू किती मोकळी गातेस! गिटारवाल्या मुलाला सांग, दोन-तीन सूर खाली घे म्हणून. सुरुवातीची कडवी खाली जातील, तिथे तुझा आवाज छान भरेल. शेवटी क्रिस्टिना घेते त्या हरकती घेऊ नकोस, सरळ सूर लाव आणि ठेव.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही, ते लगेच तिकडे फोन करतील. नाव अजून काढलं नसशील तर राहू दे. काढलं असशील तर उद्याच सरांना भेटून परत घाल, आणि तारीख कळव. मला बसचं बुकिंग करायचंय, शिवाय येताना कुंदा आणायचा तर आदल्या दिवशी सांगून ठेवावा लागतो.

तुझी,
आई