पोस्टमास्तर मॅडमना, सातवीच्या वर्गाकडून

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

जपानहून आलेला जाड लिफाफा तुमच्याच हातून आमच्याकडे आला, त्यामुळे बातमी तुम्हाला नवी नाही. पण आभार चारचौघांत मानावेत, म्हणून हे उघडं पत्र.

पत्रमैत्रीसाठी वाकायामाची शाळा मिळाली तेव्हा वरुडच्या आमच्या पोरांना फार आनंद झाला, कारण जपानात सगळ्यात जास्त संत्री तिथेच पिकतात. महाराष्ट्र सरकारचा 2013 पासून वाकायामाशी सहकार्य करार आहे म्हणे. त्याचं पोरांना काही सोयरसुतक नव्हतं. संत्र्याचं मात्र होतं. त्या भरात एकाने वहीच्या कागदाच्या पुडीत बागेतल्या बिया बांधून पाकिटात घातल्या. काट्यावर वजन 20 ग्रॅमच्या वर गेलं आणि तुम्ही पाकीट बोटांनी चाचपून विचारलंत, "यात काय आहे रे?" बिया परदेशी पाठवायच्या तर झाडांच्या रोगांबाबतचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, नाहीतर तिकडे त्या जप्त होतात, हे त्याला तुम्ही न रागावता समजावलंत. कागद दिलात, पेन दिलंत. काउंटरला टेकून त्याने आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणारं, संत्र्याचं झाड काढलं. आलेल्या उत्तरांत सगळ्यात लांब पत्र त्यालाच आहे.

पत्त्यांचंही तसंच. जपानी अक्षरं आम्ही चित्र काढावं तशी उतरवली होती, ती कोणाला वाचता आली असती देव जाणे. छापील पत्ता चिकटवा, खाली देशाचं नाव रोमन मोठ्या अक्षरांत लिहा, पुढचं तिकडचा पोस्टमन बघेल, असं तुम्ही सांगितलंत.

आणि तो प्रश्न! "तिकीट आपल्या देशाचं, पैसे आपल्या पोस्टाला, मग जपानचा पोस्टमन फुकट का राबतो?" मी शिक्षिका असून मला उत्तर येत नव्हतं. मागे रांग असतानाही तुम्ही सांगितलंत की 1874 साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नला देशांनी आपसांत टपालाचा करार केला, 1876 मध्ये भारत त्यात आला आणि पुढच्याच वर्षी जपान. पत्र गेलं की उत्तर येणारच, म्हणून हिशेब ठेवायचा नाही, असं तेव्हा ठरलं होतं. पण काही देशांत पत्रं येतच राहिली आणि तिथून निघाली कमी, तेव्हा पाठवणाऱ्या देशाने वाटपाचा खर्च द्यायचं 1969 मध्ये ठरलं, तेही टोकियोच्याच बैठकीत. त्याच बैठकीत भारताच्या शिष्टमंडळातल्या आनंद मोहन नरुला यांच्या प्रस्तावावरून 9 ऑक्टोबर हा जागतिक टपाल दिन झाला. पोरं आता हे सगळं मलाच परत शिकवतात.

मधले दिवस कठीण गेले. उत्तर येईना, मुलं रुसली. जुलैच्या शेवटी तिकडे उन्हाळ्याची सुट्टी लागते, ऑगस्टभर शाळा बंद असते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. रोज शाळा सुटल्यावर कोणीतरी तुमच्या खिडकीशी उभं असायचं आणि तुम्ही रोज खरोखर टपाल चाळून "आज नाही" म्हणायच्या. नुसतं मान हलवून वाटेला लावणं सोपं होतं.

आता उत्तरं आली आहेत. तिकडची मुलं वर्ग स्वतः झाडतात, जेवण स्वतः वाढतात, हे वाचून आमच्या वर्गात बराच वाद झाला (खिचडी वाढायला सगळे तयार आहेत, झाडू धरायला कोणी नाही). दोन्हीकडचं इंग्रजी सारखंच अडखळतं, त्यामुळे कोणी कोणाला लाजत नाही.

सोमवारी दुपारी टपाल निघायच्या आधी पुढचा गठ्ठा घेऊन येतो. चित्रांची तिकिटं शिल्लक असतील तर बाजूला ठेवा. जपानच्या मुलांनी खास मागितली आहेत. पाकिटं या वेळी मी स्वतः तपासली आहेत, तरी तुम्ही एकदा चाचपून बघाच.

आपली,
सातवीची वर्गशिक्षिका