वैद्यक परिषदेपुढे तक्रारदाराचे स्थान काय? वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : महाराष्ट्र वैद्यक परिषदेचे शिस्तभंगविषयक अधिकार.

महोदय,

मी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका आहे आणि आता गावातल्या लोकांना अर्ज लिहून देते. मागच्या महिन्यात शेजारच्या गावातील एक बाई नवऱ्याच्या कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावेत असा नियम असताना इनडोअर पेपरसाठी, म्हणजे दाखल असतानाच्या उपचारांच्या नोंदींसाठी, या बाईंना चार खेपा घालाव्या लागल्या. त्या कागदांवर रात्री अकराचा आणि साडेअकराचा रक्तदाब लिहिलेला आहे. त्यापुढे दोन वाजेपर्यंतचा रकाना कोरा आहे. कोरा रकाना म्हणजे हलगर्जी सिद्ध झाली असे मी म्हणणार नाही, कारण रात्रपाळीच्या धावपळीत चार्ट भरायचा राहून जातो हे मी स्वतः केले आहे. पण त्या अडीच तासांत काय झाले, हे डॉक्टरांना अधिकाराने विचारणारे कोणीतरी हवे, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

नुकसानभरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग आहे आणि गुन्हा नोंदवायचा तर पोलीस आहेत. डॉक्टरच्या परवान्याला हात लावण्याचा अधिकार मात्र १९६५ च्या महाराष्ट्र वैद्यक परिषद अधिनियमाने या परिषदेला दिला आहे. चौकशीअंती ती ताकीद देऊ शकते, ठरावीक मुदतीसाठी नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून कमी करू शकते किंवा कायमचे काढून टाकू शकते. (रुग्णालय तिच्या कक्षेत येत नाही, ते शुश्रूषागृह नोंदणीच्या कायद्याखाली येते. तक्रार डॉक्टरच्या नावानेच करावी लागते, हे लोकांना समजावताना निम्मा वेळ जातो.) शिवाय डॉक्टरांसाठी देशभर लागू असलेल्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार चौकशी चालू असतानाच, वादात असलेली शस्त्रक्रिया वा उपचार करण्यास त्या डॉक्टरला मनाई करता येते. म्हणजे अधिकार कमी आहेत अशी माझी तक्रार नाही.

माझी हरकत वेगळी आहे. ही सारी रचना परिषद आणि डॉक्टर या दोघांपुरतीच आहे, आणि जिच्या अर्जामुळे चौकशी सुरू झाली ती व्यक्ती अर्ज दिल्यावर जवळपास बाहेर पडते. डॉक्टरला समक्ष किंवा वकिलामार्फत बाजू मांडण्याची संधी नियमात स्पष्ट लिहिलेली आहे, आणि ती असलीच पाहिजे. एखाद्याची आयुष्यभराची कमाई पणाला लागलेली असते. अपिलाचे मात्र उलटे झाले. २००२ च्या आचारसंहितेत पुढे केलेल्या दुरुस्तीने राज्य परिषदेच्या निर्णयाने व्यथित झालेल्या कोणत्याही व्यक्तीला साठ दिवसांत अपिलाचा हक्क दिला होता. पण २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियमाच्या कलम ३० मध्ये अपील करणारा म्हणून फक्त वैद्यक व्यावसायिकाचा उल्लेख आहे. तक्रार फेटाळली गेली तर या बाईंनी कुठे जायचे, याचे उत्तर त्या कलमात सापडत नाही.

केंद्राचा कायदा आपल्या हातात नाही, पण १९६५ चा अधिनियम राज्याचा आहे. तक्रारदाराला कार्यवाहीतील पक्षकार मानावे, डॉक्टरचे लेखी उत्तर त्याला मिळावे, आणि तक्रार फेटाळल्यास कारणांसह आदेश देऊन पुनर्विलोकन मागण्याची सोय असावी, एवढी दुरुस्ती विधिमंडळ करू शकते. व्यावसायिक अकार्यक्षमतेचा निवाडा समव्यवसायींनी करावा, असे आचारसंहिता म्हणते. वैद्यकाचे बारकावे वैद्यांनाच कळतात हे मला मान्य आहे. परंतु चौकशीच्या टेबलाशी डॉक्टर नसलेले एक-दोन सदस्य बसल्याने ते बारकावे बिघडणार नाहीत. ब्रिटनमधील अशाच परिषदेच्या, म्हणजे जनरल मेडिकल कौन्सिलच्या, बारा सदस्यांपैकी सहा जण डॉक्टर नसतात.

मुदतीचाही प्रश्न आहे. तक्रारीचा निर्णय सहा महिन्यांत व्हावा, असे नियम सांगतो. हे मी वाचून दाखवले तेव्हा बाईंनी विचारले, "सहा महिने कधीपासून धरायचे?" अर्जावर आवक शिक्का पडल्यापासून की पहिल्या सुनावणीपासून, हे मला सांगता आले नाही. हा प्रश्न कागदी नाही, कारण आंतररुग्णांचे कागद डॉक्टरने उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षे जपून ठेवायचे असतात. चौकशी लांबली की पुरावाच नियमानुसार रद्दीत जाऊ शकतो. तेव्हा मुदत आवक शिक्क्यापासून धरावी, आणि तक्रार दाखल होताच मूळ कागद परिषदेने मागवून घ्यावेत.

नोंदवहीत कोणाला घ्यावे यावरून १८ सप्टेंबर २०२५ रोजी राज्यातील डॉक्टरांनी काम बंद ठेवले होते. नोंदवहीतून नाव कसे निघते, याकडे तेवढे लक्ष कोणाचेच गेलेले नाही. नाव काढल्यास वर्तमानपत्रांतून व्यापक प्रसिद्धी द्यावी, असा नियम आहे. परिषदेने २०२५ मध्ये दवाखान्यांसाठी क्यूआर कोडची कल्पना आणली. त्याच कोडमागे डॉक्टरच्या नोंदणीबरोबर अंतिम झालेली कारवाईही दिसली, तर त्या नियमाचे पालन आपोआप होईल.

आणखी एक. २०१६ च्या निवडणुकीतून आलेल्या परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. परवाना काढून घेण्याइतका मोठा अधिकार एका माणसाच्या हाती फार काळ राहू नये. ते डॉक्टरांच्याही हिताचे नाही.

बाईंचा अर्ज लिहून तयार आहे. येत्या सोमवारी त्या तो घेऊन मुंबईला निघतील. पोच घेताना शिक्क्यावरची तारीख नीट उमटली आहे ना, ते पाहा, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका