पूरनकाशा घेताना उंचीची तपासणी मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की सांगलीत पूररेषेची चर्चा सुरू होते. हल्ली तिच्या जोडीला ड्रोनच्या फोटोंवरून केलेली गावांची त्रिमितीय मॉडेल्सही फिरू लागली आहेत. दिसायला ती झकास असतात, गच्चीवरची टाकीसुद्धा ओळखू येते. पण पुराच्या कामात प्रश्न एकच असतो, जमीन किती उंचावर आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. म्हणजे आपला सगळा हिशेब फुटाफुटाचा. मॉडेल ३० सेंटिमीटरनी चुकले की एक फूट गेला, आणि हजाराला एक उतार असलेल्या शिवारात तेवढ्याने पाण्याची कड ३०० मीटर पुढेमागे सरकते.

उड्डाणाचे गणित सोपे आहे. एक इंची सेन्सरचा २० मेगापिक्सेल कॅमेरा १०० मीटरवरून उडवला तर एक पिक्सेल जमिनीवर सुमारे २.७ सेंटिमीटर भरतो आणि एक फोटो साधारण १५० बाय १०० मीटर जागा घेतो. लागोपाठच्या फोटोंत ८० टक्के आणि शेजारच्या ओळींत ७० टक्के ओव्हरलॅप (दोन्ही फोटोंत येणारा सामाईक भाग) ठेवायचा, म्हणजे दर २० मीटरला एक फोटो आणि दोन ओळींत ४५ मीटर अंतर. चौरस किलोमीटरला सुमारे ११०० फोटो होतात. बॅटऱ्या वाचवायला ओव्हरलॅप कमी केला की पहिला फटका शेताला बसतो. वाऱ्याने पाती हलतात, उंची काढायला लागणारा तोच ठिपका सॉफ्टवेअरला दोन फोटोंत सापडत नाही आणि मॉडेलला भोके पडतात.

भोके निदान दिसतात. न दिसणारी चूक जास्त महागात पडते. सगळे फोटो सरळ खाली बघून, समांतर ओळींत काढले तर लेन्समुळे फोटोत येणारा वाकडेपणा सॉफ्टवेअरला नीट काढता येत नाही आणि सपाट शिवार मॉडेलमध्ये मधोमध पापडासारखे फुगते किंवा खोलगट होते. कडेला उंची बरोबर, मध्ये अर्धा मीटर चूक, असेही घडू शकते. नदीकाठची लांब, अरुंद पट्टी असेल तर हा धोका अधिक. यावर उपाय म्हणजे २०-३० अंश तिरक्या कॅमेऱ्याची आडवी फेरी आणि कडेला व मध्यभागीही कंट्रोल पॉइंट, म्हणजे जागा आणि उंची अचूक मोजलेल्या जमिनीवरच्या खुणा. ते सगळे डांबरी रस्त्यालगत टाकणे ही नेहमीची पळवाट आहे. ‘आमचा ड्रोन आरटीके आहे, खुणा कशाला?’ असे ऐकवले जाते. आरटीकेने, म्हणजे सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएसने, कॅमेऱ्याची जागा कळते. लेन्सच्या फोकल लेंग्थमधली चूक मात्र थेट उंचीत उतरते.

आता ऊस. ड्रोनला दिसतो तो उसाचा शेंडा, जमीन नव्हे. तीन मीटर उभा ऊस म्हणजे मॉडेलमध्ये तीन मीटरचे पठार. जमीन वेगळी काढणारा फिल्टर लावला तरी सलग फडात त्याला जमिनीचा ठिपकाच मिळत नाही. तो बांध आणि रस्त्यांच्या उंचीवरून मधला भाग अंदाजाने भरतो. म्हणून पूरनकाशाचे उड्डाण तोडणी आटोपल्यावर, खोडवा गुडघ्याइतका असताना, एप्रिल-मेच्या सुमारास करावे. दीड वर्षाची आडसाली लागण तेव्हाही उभीच राहते. ते गट नकाशावर वेगळ्या रंगात दाखवावेत आणि तिथे रोव्हरने (काठीवरच्या अचूक जीपीएस यंत्राने) आत शिरून उंची घ्यावी. नदीचे पाणी चमकते, हलते, त्यामुळे त्यावरचे आकडे निरर्थक. पात्राचा तळ होडीतून इको साउंडरने (ध्वनिलहरींनी खोली मोजणाऱ्या यंत्राने) मोजून जोडावा लागतो. शेरीनाल्यासारख्या नाल्यांतली झाडोऱ्याची साय मॉडेलला जमीन वाटते. पूल आणि मोऱ्या तर बंधाऱ्यासारख्या आडव्या उभ्या राहतात. त्या मॉडेलमधून कापल्या नाहीत तर संगणकातले पाणी रस्त्याच्या भरावामागे तुंबते आणि प्रत्यक्षात कोरड्या राहणाऱ्या वस्तीला पूरग्रस्त ठरवते.

उंची कशापासून मोजली, हेही विचारा. जीपीएसची उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासून असते. आपल्या भागात ती समुद्रसपाटीच्या उंचीहून साठ-सत्तर मीटरने कमी भरते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जीटीएस बेंचमार्कपासून (समुद्रसपाटीपासूनची उंची ठरवलेल्या पक्क्या खुणेपासून) लेव्हल आणून कंट्रोल पॉइंट बांधावेत आणि पुलावरच्या मोजपट्टीचा शून्यही त्याच लेव्हलला जोडावा. हे न केल्यास ‘४५ फुटांना पाणी कुठवर येईल’ या प्रश्नाला मॉडेलकडे उत्तरच नसते.

म्हणून ग्रामपंचायती, महापालिका आणि गृहनिर्माण संस्थांना विनंती, की काम देताना निविदेत हे लिहा: मॉडेल बनवताना न वापरलेले, उंची पडताळायचे किमान २० तपासणी बिंदू, त्यांतले निम्मे शेतात, सरासरीसोबत प्रत्येक बिंदूचा फरक, मूळ फोटो आणि प्रक्रियेचा अहवाल आपल्या ताब्यात, पूल-मोऱ्या कापल्याची यादी. उघड्या जमिनीवर फरक १० सेंटिमीटरच्या आत यायला हवा, २.७ सेंटिमीटरच्या पिक्सेलला हे अवघड नाही. पंधरा सेंटिमीटरच्या वर गेला तर शेवटचा हप्ता थांबवून कंट्रोल पॉइंट पुन्हा मोजून घ्यावेत.

आपले,
सर्वेक्षण क्षेत्रातील काही जण, सांगली