तानपुरा कसा ऐकावा हे शिकवणाऱ्या काकांना

बडोदे

आदरणीय काका,
सादर प्रणाम.

म्युनिकहून परतल्यावर मी आपल्याकडे आभार मानायला आले, तेव्हा आपण मला बोलूच दिले नाही. "अगं, चार संध्याकाळी गप्पा मारल्या, त्याचे कसले आभार," असे म्हणून आपण विषय बदललात. तोंडी राहून गेलेले सारे म्हणूनच लिहून काढत आहे. हे पत्र सर्वांसमोर ठेवायला आपण परवानगी दिलीत, पण नाव लिहायचे नाही या अटीवर. ती अट मी पाळली आहे, तरीही दांडिया बाजारात ज्यांच्या घरचे रेडिओ आपल्या हातून पुन्हा बोलू लागले, ते आपल्याला ओळखतीलच.

'हाय एंड' या प्रदर्शनाची तिकिटे मुलाने काढली, तेव्हा मला आनंदापेक्षा दडपणच जास्त आले होते. घरी संगीत ऐकण्यासाठी जगात जी उत्तमोत्तम यंत्रे तयार होतात, ती इथे एका छताखाली ऐकायला मिळतात. १९८२ साली ड्युसेलडॉर्फमध्ये सुरू झालेले हे प्रदर्शन २००४ पासून म्युनिकला भरत आले, आणि १५ ते १८ मे २०२५ हे त्याचे तिथले शेवटचे वर्ष होते, कारण पुढच्या वर्षापासून ते व्हिएन्नाला जायचे ठरले होते. एका मोटारीच्या किमतीचे स्पीकर जिथे सर्रास मांडलेले असतात, तिथे माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिकेने जाऊन करायचे काय, हा प्रश्न मनात होता. आपल्याकडे आले तीसुद्धा कोणता ॲम्प्लिफायर पाहून येऊ, एवढेच विचारायला. आपण उलट विचारलेत, "तू तिथे ऐकणार काय?" आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते.

पुढच्या चार संध्याकाळी आपण मला जे दिले, त्याची किंमत त्या दिवशी मला नीट कळली नव्हती. सयाजीराव महाराजांच्या काळी, १८८६ साली, मौलाबक्षांनी सुरू केलेल्या गायनशाळेचे पुढे जे महाविद्यालय झाले, तिथे मी पाच वर्षे गाणे शिकले, त्यामुळे कान तयार असल्याचा माझा समज होता. आपण तो समज न दुखावता मला सांगितलेत की गाणे ऐकणे वेगळे आणि गाणे ऐकवणारे यंत्र ऐकणे वेगळे. पहिल्या संध्याकाळी आपण फक्त तानपुरा लावलात. बोट तारेवरून सुटतानाचा स्पर्श आणि त्यामागून उमलणारा जवारीचा, म्हणजे तार घोडीवर हलकेच घासल्याने उठणारा, भरीव नाद, हे दोन्ही एकाच वेळी ऐकू आले पाहिजेत. यंत्राने वरचे स्वर चढवले असतील, तर जवारीची काच होते आणि ती किणकिणते. खालचे फुगवले असतील, तर खर्जाची तार उरलेल्या तिघींना गिळून टाकते. इतक्या वर्षांत मी तानपुरा सुरात आहे की नाही एवढेच ऐकत आले होते, त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा लाकूड आणि तारांसकट ऐकला.

दुसरी गोष्ट फैयाजखाँसाहेबांच्या तबकडीची. आपल्या संग्रहातली त्यांची नटबिहाग रागाची, मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी, तिच्या रुंद खाचेला साजेल अशी जाड सुई लावून, आपण माझ्यासाठी पेनड्राइव्हवर उतरवलीत. खरखर पुसून टाकायची सोय असूनही आपण ती ठेवलीत, कारण खरखरीबरोबर आवाजाची धारही निघून जाते, असे आपले म्हणणे होते. बडोदे दरबारच्या या गवयाचा रुंद, खालच्या पट्टीतला आवाज परीक्षेला का घ्यायचा, याचे कारणही आपण दिलेत. ती तबकडी एका वाहिनीची असल्यामुळे दोन्ही स्पीकर नेमके तेच वाजवतात. जोडी खरोखर जुळलेली असेल आणि खोली नीट लावलेली असेल, तर खाँसाहेब बरोबर मधोमध, एका ठिकाणी उभे राहतात. काहीही चुकले असेल, तर ते पसरतात.

आणखी एक सूचना आपण निघतानिघता केली होती आणि प्रदर्शनात तिनेच मला सर्वाधिक वाचवले. दोन यंत्रांपैकी ज्याचा आवाज किंचित मोठा असेल, तेच कानाला सरस वाटते, तेव्हा आधी आवाज कमी करायला सांगावे आणि किमतीची पाटी शेवटी वाचावी.

शनिवारी, १७ मे रोजी, आम्ही यू-६ या भुयारी रेल्वेने तिथे पोहोचलो. खालच्या दालनांत टेबलांवर मांडलेली यंत्रे, वरच्या मजल्यांवर बंद दारांच्या ऐकण्याच्या खोल्या, आणि प्रत्येक खोलीत मधल्या खुर्चीसाठी वाट पाहणारी माणसे. पहिल्या तासाभरात मी भांबावून गेले. एका खोलीत आवाज इतका चढवलेला होता, की कानांवर हात ठेवून बाहेर यावे लागले. दुसरीकडे माणसापेक्षा उंच स्पीकर होते आणि तिथल्या गृहस्थांनी आपला पेनड्राइव्ह अगत्याने लावला, पण तानपुरा पुऱ्या भिंतीएवढा झाला आणि खाँसाहेब एका स्पीकरपासून दुसऱ्यापर्यंत पसरले. बाजूला बसलेले लोक कौतुकाने माना डोलावत होते. काका, आपल्या त्या चार संध्याकाळी माझ्या पाठीशी नसत्या, तर मीही डोलावली असती आणि काही तरी खटकते आहे ही जाणीव स्वतःच्या अडाणीपणाच्या खात्यात जमा केली असती.

दुपारनंतर आम्ही एका लहानशा खोलीत शिरलो. तिथे कर्ण्याचे स्पीकर होते आणि त्यांना चालवायला ३००बी व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असे तशा काचेच्या नळीचा, ॲम्प्लिफायर. वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९३८ साली आणलेला हा व्हॉल्व्ह; एकट्याच्या बळावर तो जेमतेम आठ वॅट देतो. आठ वॅटमध्ये खोली कशी भरेल, असे मुलाने विचारले, आणि आपण मला समजावलेले मी त्याला मराठीत समजावले. जुन्या ग्रामोफोनला वीज मुळीच नव्हती, तरी त्याच्या कर्ण्यामुळे घर भरत असे, कारण लहानशा पडद्याची हालचाल बाहेरच्या हवेपर्यंत वाया न जाता पोहोचवणे हेच कर्ण्याचे काम. आधी तानपुरा लागला. बोटाचा स्पर्श आला, मागून जवारी उमलली, आणि चारही तारा आपापल्या जागी राहिल्या. मग खरखर सुरू झाली, आणि तिच्यामागून खाँसाहेब समोर, बरोबर मधोमध, बसल्या उंचीवर येऊन गायला लागले. १९५० साली याच आपल्या गावात ज्यांनी डोळे मिटले, ज्यांना मी कधी पाहिले नाही, ते इतक्या जवळ होते की त्यांनी श्वास कुठे घेतला तेही कळत होते. तबकडीची एक बाजू संपायला तीन-सव्वातीन मिनिटेच लागतात. संपल्यावर खोलीतले कोणी उठले नाही, आणि यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाने खुणेनेच विचारून ती पुन्हा लावली. माझ्या डोळ्यांत पाणी आले होते, आणि त्या क्षणी त्या खुर्चीवर माझ्याऐवजी आपण असायला हवे होते, असे मला फार तीव्रतेने वाटले. आजही वाटते.

मी काहीही विकत न घेता परतले. आपण घरी येऊन चौदा फुटांची आमची बैठक मोजलीत आणि कागदावर हिशेब मांडून दाखवलात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो, म्हणून एवढ्या लांबीत ४० हर्ट्झ आणि त्याच्या दुप्पट ८० हर्ट्झच्या आसपासचे नाद दोन भिंतींमध्ये घुमत राहतात. मला वर्षानुवर्षे त्रास देणारी बायाची, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डग्ग्याची, बेसुमार घुमक तिथलीच होती. त्यात माझी खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली, म्हणजे ती घुमक जिथे सर्वांत दाट होते, नेमकी तिथे. खुर्ची तीन फूट पुढे आली, स्पीकर कोपऱ्यांतून निघाले. मी बसून राहिले आणि आपण बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत नेलात. त्यात मला स्पीकर दिसला, त्या जागी आईची गोधडी टांगली गेली. गोधडीने बायाचे काही होणार नाही, ती फक्त वरच्या स्वरांचा भिंतीवरून येणारा पडसाद शोषील, हेही आपण बजावलेत. शहाबादी फरशीवर सतरंजी आली. जो ॲम्प्लिफायर बदलायला मी निघाले होते, तोच आज वाजतो आहे, आणि मालकंसाचा विलंबित ख्याल त्यावर ऐकताना ठेका पहिल्यांदाच गाण्याच्या आड येत नाही.

एक शंका तेवढी उरली आहे. खाँसाहेब अजून मधोमध नाहीत, चार बोटे डावीकडे सरकून बसतात. उजवा स्पीकर थोडा आत वळवावा असे मला वाटते, पण आपण ऐकल्याखेरीज मी त्याला हात लावणार नाही. रविवारी सकाळी काकूंना घेऊन यावे. शेवउसळ घरीच करीन, आणि मधली खुर्ची आपल्यासाठी ठेवलेली असेल.

आपली नम्र,
पलीकडच्या पोळीतली (गल्लीतली) शिष्या