फेरिटिनच्या एका आकड्यावर विसंबू नकोस

सोलापूर,
रविवार, रात्री

प्रिय सुध्या,

माझ्या लेकीसारखाच थॅलेसेमिया असलेल्या भाच्याचं फेरिटिन, म्हणजे अंगात किती लोह साचलंय याचा अंदाज देणारा रक्तातला आकडा, १४०० पर्यंत उतरलं, ताई निर्धास्त झाली, असं तू लिहिलंस. वाचून बरं वाटायला हवं होतं बे, पण दोन दिवस त्या ओळी डोक्यातून जाईनात. मार्चपर्यंत आम्हीही असेच निर्धास्त होतो. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहितोय. पत्र ताईला वाचून दाखव.

माझी लेक आता १४ वर्षांची. या आजारात शरीर पुरेसं रक्त बनवत नाही, म्हणून आठव्या महिन्यापासून तिला रक्त चढतंय. सध्या दर तीन आठवड्यांनी दोन पिशव्या. एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलीग्रॅम लोह अंगात जातं. वर्षाला पस्तीसेक पिशव्या धर, म्हणजे किमान ७ ग्रॅम. तुझ्या-माझ्यासारख्याच्या अख्ख्या शरीरात मिळून लोह असतं ३ ते ४ ग्रॅम! जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोयच शरीराला नाही. रोज १-२ मिलीग्रॅम काय ते आपोआप जातं. बाकीचं लिव्हरमध्ये, हृदयात, ग्रंथींमध्ये साचत राहतं. ते उपसायलाच तर या गोळ्या.

किती साचलं हे कळायला आम्ही इतकी वर्षं फेरिटिनच बघत आलो. दर तीन महिन्यांनी रिपोर्ट, वहीत नोंद. आकडा उतरला की त्या रात्री झोप लागायची. पण फेरिटिन हे रक्तात सापडणारं प्रथिन. साधा ताप आला, कुठं सूज असली, लिव्हर दुखावलं की ते चढतं. आणि हृदयात काय चाललंय ते त्यावरून कळतच नाही. हे मला १४ वर्षांनी कळलं, याचं फार वाईट वाटतं. दोनदा मी एमआरआयबद्दल विचारलं होतं, दोन्ही वेळा ‘फेरिटिन ठीक आहे, गरज नाही’ असं उत्तर मिळालं आणि मी गप्प बसलो.

पूर्वी लिव्हरमधलं लोह मोजायला सुई घालून तुकडा काढायचे. रक्तस्रावाची भीती वेगळीच. शिवाय लिव्हरमध्ये लोह सगळीकडे सारखं नसतं, तेवढ्याशा तुकड्यावरून अंदाज चुकू शकतो. आणि हृदयाचा तुकडा काढून असं वरचेवर कोण बघणार? २००१ साली लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी एमआरआयवर हृदयातलं लोह ओळखायची पद्धत मांडली, टी-टू-स्टार नावाची. त्यांना तेव्हाच दिसलं होतं की फेरिटिन आणि लिव्हरचं लोह एकीकडे, हृदयाचं दुसरीकडे. मेळ बसत नाही.

ते कसं कळतं, हे मी स्वतःला असं समजावलं. देवळातली घंटा वाजवली की नाद घुमत राहतो. तिच्यावर तळहात ठेवला की लगेच विरतो. मशीन शरीरातल्या पाण्याच्या कणांकडून एक सिग्नल उठवतं आणि तो किती वेळात विरतो ते मोजतं. लोह चुंबकीय क्षेत्रात गडबड करतं, त्यामुळे जिथं लोह जास्त तिथं सिग्नल लवकर विरतो. हृदयाचा आकडा २० मिलीसेकंदांच्या वर असला तर चांगला. १० ते २० म्हणजे लोह साचलंय. १० च्या खाली मोठा धोका. लोहामुळे हार्ट फेल्युअरपर्यंत गेलेल्या बहुतेक रुग्णांचा आकडा तिथंच सापडलाय. ही मापं १.५ टेस्लाच्या मशीनची आहेत (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप), ३ टेस्लावर आकडे वेगळे येतात. म्हणून तारीख घेतानाच विचारायचं: मशीन किती टेस्लाचं, आणि हृदय व लिव्हर दोन्हींचं लोह मोजता का? इथं मी ज्या सेंटरवर गेलो, तिथं मशीन होतं, पण ही मोजणी करत नव्हते.

म्हणून हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलो. लेकीचा एकच प्रश्न होता, ‘सुई नाही ना?’ नाही. या तपासणीला इंजेक्शनच लागत नाही. फक्त स्थिर पडायचं आणि सांगतील तेव्हा श्वास रोखायचा. त्याचा सराव आठ दिवस घरी चालला होता. शेजारच्या पद्मशाली आजी पुढ्यात बसून ‘ओकटी, रेंडू, मूडू’ मोजायच्या आणि ही गाल फुगवून बसायची.

लिव्हरचा आकडा आला ५; त्याची मोजपट्टी हृदयाहून वेगळी, तिच्यावर ५ म्हणजे सौम्य. हृदयाचा आला १३. फेरिटिन तेव्हा १३०० होतं, सुध्या.

डॉक्टरांनी विचारलं, मधे औषधं चुकली होती का? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चुकली होती. काही महिने गोळ्या वेळेवर मिळाल्या नाहीत; मिळाल्या तेव्हा पाण्यात विरघळवून दिलेला तो पांढरा ग्लास ही मोरीत ओतायची, ते आम्हाला फार उशिरा कळलं. पुढं औषध नीट सुरू झाल्यावर लिव्हर भराभर साफ झालं. हृदय तसं होत नाही, त्याला वर्षं लागतात. आम्ही तिकडं फेरिटिन उतरतंय म्हणून खूश, आणि तेव्हाचं लोह हृदयात तसंच.

आता जुन्या गोळीबरोबर डेफेरिप्रोन सुरू केलंय, ते हृदयातलं लोह चांगलं काढतं. लघवी लालसर होते, त्याला घाबरायचं नाही. मात्र पांढऱ्या पेशी अचानक घटू शकतात, म्हणून आठवड्याला रक्त तपासतो. ताप आला की ही नवी गोळी बंद करून थेट दवाखाना, असं बजावलंय. वर्षभरानं पुन्हा एमआरआय.

भाचा दहा वर्षांचा आहे ना? न हलता पडून राहण्याइतका मोठा झालाय. भूल द्यावी लागणार नाही. ताईला म्हणावं, डॉक्टरांना स्पष्ट विचार आणि चिठ्ठी लिहून घे. त्याचं सगळं उत्तम निघालं तर मला सगळ्यात जास्त आनंद होईल.

अक्कलकोटहून त्यांना पहाटेची गाडी गाठणं जमायचं नाही. आदल्या दिवशी आमच्याकडेच मुक्कामाला येऊ दे, मी पुण्यापर्यंत सोबत जाईन. लेकीनं तर आत्ताच सांगून टाकलंय, श्वास रोखायचं त्याला तीच शिकवणार. तारीख ठरली की कळव.

तुझा,
नंदू