रात्रीच्या गाडीवरून आई-अण्णांना

॥ श्री विठ्ठल प्रसन्न ॥

तीर्थरूप अण्णा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

आज मुक्कामी गाडी आहे. फोनवर अण्णांना अर्धं ऐकू येत नाही आणि आई, तुझा दोन वाक्यांत गळा भरून येतो, म्हणून लिहितोय. दादाची छोटी वाचून दाखवील. तिला म्हणावं, सावकाश वाच.

आई, तू परवा म्हणालीस की एसटीची रात्रीची ड्यूटी सोड, साहेबांच्या पाया पडून दिवसाची घे. समृद्धी महामार्गावरचे अपघात टीव्हीवर बघतेस आणि मी त्या रस्त्याला नसलो तरी तुझ्या जिवाला घोर लागतो. तुळजाभवानीला माझ्यासाठी नवस बोललीस, तेही वहिनीनं सांगितलं. नवस आपण फेडू. पण तुझ्या डोक्यातली भीती काढायची तर मी काय करतो आणि काय देवावर सोडतो, हे तुला नीट सांगितलं पाहिजे.

गाडी ताब्यात घेतली की आधी चारी बाजूंनी फिरतो. टायर हातानं चाचपतो, लाईट-वायपर बघतो. हवेचा काटा वर आल्याशिवाय गाडी हलवत नाही, कारण ब्रेक हवेवर चालतात. दिवसा झोप पूर्ण काढतो, रात्री पोटभर जेवत नाही. हे सगळं झालं की स्टेअरिंगला हात लावून तुळजाभवानी आईसाहेबांचं नाव घेतो आणि वाहकाच्या डबल बेलची वाट बघतो. देवावर भरवसा आहे म्हणून टायर न बघणारा ड्रायव्हर मला पटत नाही. देवानं डोळे दिलेत ते कशाला?

पण एवढं करूनही किती उरतं, आई! समोरच्याला डुलकी लागली, काळ्या मातीनं रस्ता फुगून खड्डा पडला, सोयाबीन वाळत घालून कडेला दगड मांडले, यातलं काहीच माझ्या हातात नाही. ते मी त्याच्या पायावर घालतो आणि मोकळ्या मनानं गाडी हाणतो.

देव पाठीशी आहे म्हणजे आपल्याला काहीच होणार नाही, असा अर्थ मात्र मी कधी घेतला नाही. अण्णा, तो तुम्हीच घेऊ दिला नाही.

मी तेव्हा दुसरीत होतो. गणपती बोळवून गाव झोपलं होतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, तो भूकंप. आपलं घर पत्र्याचं, गरिबाचं, म्हणून आपण अंगावर ओरखडे घेऊन बाहेर आलो. ज्यांचे वाडे होते, दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद, ते वाडे झोपलेल्या माणसांवर बसले. ज्या भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या ऊन आणि चोर अडवले, त्यांनीच माणसं घेतली. नंतर पावसानं झोडपलं आणि तुम्ही त्या चिखलात हातांनी दगड उपसत होता, ते मला अजून दिसतं.

तुमचे भजनातले जोडीदार गेले. त्यांचा काकडा कधी चुकला नव्हता आणि त्यांच्या घरातलं एक माणूस राहिलं नाही. पुढं मामा भेटायला आले आणि म्हणाले, देवानं तुम्हाला वाचवलं. तुम्ही एकदम ताडकन बोललात, "मग त्यांना काय देवानं मारलं? ते आपल्यापेक्षा जास्त देवाचे होते. असं परत बोलू नका." मी घाबरून आईच्या पदराला धरलं होतं.

त्याच रात्री मी तुम्हाला विचारलं, देव तेव्हा कुठं होता? तुम्ही म्हणालात, "त्यांच्याजवळच होता. एकटं नाही सोडलं त्यानं."

कार्तिकात पत्र्याच्या शेडमध्ये काकडा सुरू झाला. जोडीदाराचे टाळ ढिगाऱ्यात सापडले होते, एक वाटी चेपलेली. आवाज बद्द यायचा. कोणी म्हणालं नवीन आणू, तर तुम्ही तेच वाजवले. माझी सगळी श्रद्धा त्या बद्द आवाजातून आलेली आहे, अण्णा. ज्याचं एवढं गेलं ते गाव पहाटे उठून त्याचंच नाव घेत होतं. याहून मोठा पुरावा मला कुठल्या पोथीत मिळाला नाही.

आता जे सांगतो ते तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं. ऊस तोडणीच्या दिवसांत चाकूरला एका म्हाताऱ्याची पिशवी हॉटेलात राहिली आणि ती आणेपर्यंत गाडी खोळंबली. प्रवासी कुरकुरले. अहमदपूरच्या अलीकडं बघतो तर उसाची ट्रॉली रस्त्यात उभी, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि एक जीप तिच्यात घुसलेली. नुकतंच घडलं होतं. गाडीतले सगळे हात जोडून म्हणायला लागले, देवानं वाचवलं, ती पिशवी देवानंच विसरायला लावली. मीही हात जोडले, मनापासून जोडले. पण बॅटरी घेऊन जीपपाशी गेलो तर तिच्या काचेवर तुळजाभवानीचा फोटो, माझ्या गाडीत आहे तसाच. तुमचं मामांना बोललेलं त्या क्षणी आठवलं.

वाहकानं १०८ ला फोन लावला. जीपचा ड्रायव्हर कोवळं पोर होतं, पाय अडकलेला. आमच्या गाडीतली एक बाई खाली उतरली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याच्या कानाशी "विठ्ठल विठ्ठल" म्हणत राहिली. तिचं लुगडं रक्तानं भिजलं होतं. ती त्याची कोणी नव्हती. ते पोर जगलं. नसतं जगलं तरी मी हेच म्हणालो असतो की देव तिथं होता. त्याच्याजवळ होता आणि आमच्याजवळही.

म्हणून आई, माझ्यासाठी "त्याला काही होऊ देऊ नको" एवढंच मागू नकोस. "त्याला सोडू नको" असंही माग. दुसरं मागणं कधी वाया जात नाही.

आणि एक. पहाटेचे तीन ते पाच ही ड्रायव्हरची सगळ्यात अवघड वेळ, डोळ्यांवर झापड येते ती तेव्हाच. भूकंपापासून तुझी झोप नेमकी त्याच वेळेला उडते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा काळजी करत पडू नकोस, हरिपाठ म्हण. तू तिकडं म्हणतेस या भरवशावर मी इकडं जागा राहतो.

आता माझं मागणं. अण्णांच्या डोळ्याच्या ऑपरेशनपासून तुम्ही दोघं गावाची शीव ओलांडली नाही. वाटेत काही झालं तर, हेच चाललंय. मला प्रवासाला पाठवताना देवाचं नाव घेता, मग स्वतः निघताना का घेत नाही? आषाढीच्या गर्दीत नको, पुढच्या साध्या एकादशीला पंढरपूर करू. अण्णांची पंच्याहत्तरी झाली, त्यांना २०२२ पासून एसटीत तिकीट नाही, आणि आई, बायकांना २०२३ पासून अर्धं आहे. आधार कार्ड तेवढं बरोबर घ्या. औशाहून तुळजापूर, तिथं एक मुक्काम. गुडघे दुखत असतील तर पायऱ्या उतरू नकोस, कळसाला हात जोड, नवस मी आत जाऊन फेडतो. दुसऱ्या दिवशी सोलापूरवरून पंढरपूर. तिथं पदस्पर्शाच्या रांगेत उभं राहायचं नाही, मुखदर्शन घ्यायचं. बीपीच्या गोळ्या पिशवीत नको, अण्णांच्या खिशात ठेवा. मागच्या चाकावरची सीट धरू नका, दणके बसतात.

तारीख छोटीला फोनवर सांगायला लावा, म्हणजे मी रजेचा अर्ज टाकतो. अण्णा, ते टाळ बरोबर घ्या.

आपला,
धाकटा